यान सिक्स यांचा हातमोजा

आमच्या माजघरात आजोबांचे एक तैलचित्र आहे. फोटोवरून काढलेल्या त्या चित्रात मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट आहे आणि कोटाची बटणे अजून चकाकतात. आजी मात्र ‘हे कोणी दुसरेच गृहस्थ’ म्हणत असे आणि आम्ही ते हसण्यावारी नेत असू. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५४ साली रंगवलेले, आपले कवी-मित्र यान सिक्स यांचे व्यक्तिचित्र एका मोठ्या छापील प्रतीत भिंगाखाली न्याहाळताना मला तिची आठवण झाली.

सिक्स तेव्हा ३६ वर्षांचे होते. टोपीखालचा चेहरा चित्रकाराने जपून, सावकाश रंगवला आहे. नजर खाली उतरली की मात्र सगळा नूर बदलतो. खांद्यावरून सोडलेल्या लाल झग्याची सोनेरी किनार म्हणजे एकाखाली एक ओढलेले पिवळे आडवे फटकारे; ना दुरुस्ती, ना घोटणे. हातांवर भिंग धरले तर तिथे हात नाहीतच, आहेत ते रुंद कुंचल्याचे चार-दोन ओरखडे. तीच प्रत हातभर लांब धरली, की त्यांतून हातमोज्याचे मऊ कातडे, त्याच्या सुरकुत्या आणि ते ओढणारी बोटे दिसू लागतात.

हा निष्काळजीपणा नव्हे, कारण ओल्या रंगावर ओला रंग ठेवताना छटा जरा चुकली, की फटकाऱ्याचा डाग होतो. व्यक्तिचित्रणाची प्रात्यक्षिके आपल्याकडे रंगतात, तिथे चित्रकार दोन फटकारे मारून चार पावले मागे का जातो आणि डोळे बारीक करून का पाहतो, हे मला इथे उमगले. (चित्राच्या फार जवळ येणाऱ्यांना, रंगाचा वास बाधेल असे सांगून रेम्ब्रांट मागे ओढत असे, अशी आख्यायिका आहे. मला ती खरी वाटते.)

सिक्स हातमोजा चढवत आहेत की उतरवत आहेत, हे मात्र त्या ओरखड्यांवरून काही केल्या ठरत नाही. बोटे रेखून काढली असती, तर ते केव्हाच ठरून गेले असते. माझ्या मते ते बाहेर निघाले आहेत. पत्नीने प्रत हातात घेतली, लांब धरली आणि म्हणाली, “छे, आत्ताच घरी आलेत. दमलेला चेहरा बघा ना.”