नॅरोबोट इलेक्ट्रिक, भाग ४: इंजिन गेलं, पट्टा जळला, अण्णा फोनवर

मंडळी, दोन महिने एक ओळ टाकली नाही त्याबद्दल शिव्या खाल्ल्यात, मान्य आहे. पण बोट चालतेय. म्हणजे खरंच चालतेय, माणसं काठावरून ढकलतायत तशी नाही.

नवीन लोकांसाठी एका श्वासात सांगतो. बोट पोलादी नॅरोबोट (अरुंद कॅनॉलसाठीची लांबट बोट), लांबी ४५ फूट, रुंदी ६ फूट १० इंच (कारण इथली लॉक्स, म्हणजे बोट वर-खाली करणारे दरवाजेवाले पाण्याचे हौद, ७ फुटी, त्याहून जाड झालात तर अडकलात), वजन अंदाजे ११ टन, मुक्काम बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला ऑल्व्हचर्चजवळ, वुस्टर अँड बर्मिंगहॅम कॅनॉलवर. आम्ही दोघं शनिवार-रविवार तिच्यावर असतो. डिझेल काढून बॅटरीवर चालवायची, आणि खर्च एकूण अडीच हजार पौंडांच्या आत ठेवायचा असं बायकोला कबूल केलंय. तयार किट बॅटरीसकट घ्यायचं म्हटलं तर आकडा पाच अंकी होतो, तो विषय पहिल्याच दिवशी मिटला.

हे असलं स्वस्तातलं काम नदीवर करू नका हं. कॅनॉलवर जमतं कारण पाणी जवळजवळ उभं असतं, वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे आणि तेवढंसुद्धा कुणी जात नाही. ३ मैलाला माझ्या बोटीला २ किलोवॉटच्या आसपास पुरतात, म्हणजे एक चांगला गीझर. पण पुढे पॉवर वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते, आणि उथळ कॅनॉलमध्ये तर जास्त दाबलं की बोट स्वतःच्याच खालचं पाणी ओढून घेते, मागची बाजू खाली बसते, काठावर लाटा, काठाला बांधलेल्या बोटीवाल्यांच्या शिव्या आणि वेग तेवढाच. शिवाय आमच्या इथे बर्मिंगहॅमच्या गॅस स्ट्रीटपासून टार्डेबिगपर्यंत १४ मैल एकही लॉक नाही. त्याच्यापुढे टार्डेबिगची ३० लॉक्सची रांग आहे, तिकडे मी अजून बघतही नाही.

तर इंजिन. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) १.५ डिझेल होतं. काढायच्या आधी शेवटचं एकदा सुरू केलं आणि अण्णांना (आमचे वडील, साखर कारखान्यात जन्मभर फिटर, आता सांगलीत घरी बसून लोकांचे पंप दुरुस्त करतात) फोनवर आवाज ऐकवला. दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "अरे ही तर ॲम्बेसेडर." आणि खरंच की! डिझेल ॲम्बेसेडरमध्ये १४८९ सीसीचं हेच बीएमसीचं इंजिन यायचं, आणि इथे त्याच घराण्यातली इंजिनं कितीतरी नॅरोबोटींच्या पोटात आहेत. मग काढताना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. गिअरबॉक्ससकट अडीचशे किलोच्या आसपास वजन, तिकाटणं लावून चेन ब्लॉकने उचललं आणि ७०० पौंडांना विकलं.

इंजिन बाहेर गेल्यावर पहिला धक्का. बोटीची शेपटी वर आली! पंख्याचं (प्रोपेलरचं) वरचं पातं पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ. असा पंखा पाणी ढकलत नाही, हवा गिळतो आणि नुसता घुसळतो. त्यामुळे बॅटरीचा निर्णय आपोआप झाला. सगळे लिथियम लिथियम करतात, पण नॅरोबोटीत तळाला तसंही वजन लागतंच, लोक पेव्हिंगच्या फरशा नि विटा भरून ठेवतात. मग शिसंच का नको? शेजारच्या बोटीवर एक रिटायर्ड आजोबा आहेत, त्यांचा जन्म फोर्कलिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. त्यांच्या ओळखीने फोर्कलिफ्टची जुनी ट्रॅक्शन बॅटरी मिळाली, २ व्होल्टचे २४ सेल, ४८ व्होल्ट ५०० अँपिअर-अवर, ९०० पौंड. प्रत्येक सेल ३० किलोच्या घरात. चोवीसच्या चोवीस सेल टोइंग पाथवरून (कॅनॉलकाठची पायवाट) हातगाडीने आणले आणि एकेक करून आत उतरवले, दुसऱ्या दिवशी मोजे घालायला वाकता येत नव्हतं. पण मागच्या बाजूच्या ३०० किलो फरशा बाहेर काढल्या, सेल दोन्ही अंगाला वाटून ठेवले आणि शेपटी परत जागेवर बसली. लिथियम घेतलं असतं तर बॅटरी घेऊन वर परत फरशा भरल्या असत्या.

५०० लिहिलंय म्हणून ५०० नसतात अर्थात. हीटर लावून रात्रभर उतरवून बघितली तर ३५० भरली. त्यात १७ नंबरचा सेल आजारी आहे, शेवटी शेवटी बाकीचे १.९७ व्होल्टवर असताना हा १.८२. विकणाऱ्याने "सगळे एकसारखे आहेत साहेब" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. मी ॲसिडचं हायड्रोमीटर घेऊन गेलो होतो आणि ते गाडीतच विसरलो, त्यामुळे जास्त बोलायला तोंड नाही.

त्याहून मोठा गाढवपणा चार्जरचा. १२० पौंडांत फोर्कलिफ्टचा मस्त ४८ व्होल्टचा चार्जर मिळाला, खुशीत घरी आणला, झाकण उघडलं तर थ्री फेज. बोटीला साधी सिंगल फेजची जोडणी. आजोबा हसून हसून खाली बसले. ६० ला विकला आणि २४० चा दुसरा घेतला. वायरिंगचं जास्त लिहीत नाही, फ्यूज बॅटरीच्या जवळात जवळ, ४८ व्होल्टची कुठलीच बाजू बोटीच्या लोखंडाला जोडायची नाही (नाहीतर तळ गंजून खाईल), चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून बॅटरीच्या खोक्याला वरून हवा जायला वाट, आणि स्पॅनरला टेप गुंडाळा. का, ते विचारू नका. एका स्पॅनरला आता दातरे पडलेत.

मोटर मात्र जिवाभावाची मिळाली. कुणीतरी इलेक्ट्रिक गो-कार्टमधून काढलेली लिंच पद्धतीची चपटी मोटर, ११ किलो, एका हाताने उचलता येते, ४५० पौंड. ही सेड्रिक लिंच या इंग्रज अवलियाची कल्पना, आणि पुढे याच जातीच्या मोटरी अग्नी नावाने आपल्या गुजरातमध्ये बनायला लागल्या, २००९ साली आइल ऑफ मॅनला इलेक्ट्रिक मोटरसायकलींची पहिली टीटी रेस झाली ती अग्नीच्याच गाडीने मारली होती. माझी मोटर ४८ व्होल्टला अडीच हजार फेऱ्यांपर्यंत जाते, पंख्याला आठशे-साडेआठशे पुष्कळ झाल्या, म्हणून २४ आणि ७२ दात्यांच्या पुल्या आणि मध्ये ५० मिलिमीटर रुंद दात्यांचा पट्टा. शाफ्ट दीड इंची, त्याला आधाराला दोन प्लमर ब्लॉक, बॉल बेरिंगवाले. झालं की! असं मला वाटलं.

पहिली चाचणी एप्रिलच्या रविवारी, बोट दोन्ही दोरांनी बांधलेली. हळूच लीव्हर पुढे केला, पंखा फिरला, आवाज काहीच नाही, नुसता मागे पाण्याचा खळखळाट. बायकोने व्हिडिओ काढला. अजून थोडं दाबलं. मग टक्, आणि रबर जळाल्याचा वास. फळी उचलून खाली बघतो तर सगळीकडे काळी पूड, पट्टा पुलीच्या कडेला घासून कापत चाललेला, आणि शाफ्ट पुढे सरकलेला. दोन सूत! रिव्हर्स घेतला तर तोच शाफ्ट परत मागे. प्लमर ब्लॉकचे छोटे स्क्रू शाफ्टवर चरे पाडत होते, बाकी काही धरत नव्हते.

अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी काळी पूड बघितली, पुली बघितली आणि फक्त विचारलं, "पंखा पाण्याला ढकलतो, पाणी पंख्याला ढकलतंय, पंखा शाफ्टला ढकलतोय. शाफ्ट कुणाला ढकलतंय?"

मी म्हटलं, "पट्ट्याला."

"मग पट्टा काय करील बिचारा."

झालं असं की इतकी वर्षं हा सगळा रेटा गिअरबॉक्स खात होता आणि मला पत्ताच नाही. बोट पुढे जाते ती त्या रेट्यावरच, शंभर किलोच्या आसपास सहज असेल, आणि तो कुठूनतरी बोटीच्या सांगाड्यात उतरायला पाहिजे. मी गिअरबॉक्स विकून टाकला आणि त्याच्या जागी दोन छोटे स्क्रू ठेवले. इथे हा रेटा झेलणारे तयार थ्रस्ट ब्लॉक मिळतात, किंमत बघून टॅब बंद केली.

अण्णा म्हणाले, उसाच्या ट्रॉलीचं हब आठव. दोन टेपर बेरिंग समोरासमोर, ट्रॉली वळणावर कलली की सगळा भार आडवा येतो, तरी वर्षानुवर्षं टिकतात, आणि एक डावीकडचा रेटा घेतं तर दुसरं उजवीकडचा, म्हणजे तुझं पुढे आणि मागे दोन्ही भागलं. इकडे ट्रेलरच्या दुकानात दीड इंची बोअरचे टेपर रोलर अगदी कॉमन निघाले, जोडी ३० पौंडांच्या आत. गावातल्या लेथवाल्याकडून बाहेरचं घर करून घेतलं, दोन्ही बाजूला ग्रीस सील, आणि ते घर जाड पट्टीवर बसवून इंजिनाच्या जुन्या माउंटवर बोल्ट केलं, म्हणजे रेटा आता थेट बोटीत. लेथ धरून १६० गेले. नट कसायचा कसा, तर ट्रॉलीसारखाच, हाताने फिरवत फिरवत घट्ट करायचा, मग किंचित मागे घ्यायचा, चाक खुळखुळता कामा नये पण फिरलं पाहिजे.

मग अलाइनमेंट, म्हणजे फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी फट मोजत शाफ्ट सरळ रेषेत आणायचा. यात अख्खा शनिवार गेला. फोन डब्यावर टेकवून ठेवलेला, पलीकडे सांगलीत रात्र झालेली, आई मागून जेवायला हाक मारतेय, आणि अण्णा "फीलर गेज वर घाल, आता खाली घाल" करतायत. वर चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), खाली अकरा. शिम (पातळ पत्रा) टाकली, परत मोजलं. शेजारचे आजोबा चहाचा मग घेऊन आले आणि डोकावून "फोर थाउ?" म्हणाले, आणि अण्णा तिकडून "हां हां, थाऊ थाऊ!" दोघांना एकमेकांच्या भाषेतला एवढा एकच शब्द येतो, पण त्यावर अर्धा तास गप्पा झाल्या बरं का, मी मध्ये नुसता स्पॅनर धरून. शेवटी चारही बाजूंनी तीन-चार थाऊच्या आत आलं.

नवा पट्टा घालून मागच्या शनिवारी वास्ट हिल्सच्या बोगद्यातून किंग्ज नॉर्टनला गेलो आणि परत आलो. बोगदा २७२६ यार्ड, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर, आत टोइंग पाथ नाही, मध्ये बंद पडलात तर भिंतीला ढकलत बसा. डिझेल असताना आत धूर कोंडायचा आणि आवाज डोक्यात घुमायचा. या वेळी छतातून पडणारं पाणी ऐकू येत होतं, प्रत्येक थेंब वेगळा, आणि खालून पट्ट्याची हलकी सुं सुं. समोरून एक डिझेल बोट आली, त्यांना आमचा पत्ताच नाही! दिवा होता तरी दोनदा भोंगा वाजवला तेव्हा तो माणूस दचकला. (विजेवरच्या बोटी इथे नव्या नाहीत म्हणा, हेअरकॅसलच्या बोगद्यात १९१४ ते १९५४ विजेचा टग बोटी ओढून न्यायचा.) मीटरवर ४९ व्होल्ट, ४२ अँपिअर. जाऊन-येऊन चार तास, १६० अँपिअर-अवर गेले, निम्म्याच्या आत. दर अर्ध्या तासाने फळी उचलून बेरिंगवर हात ठेवायचा, दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता आला तर ठीक, हा अण्णांचा थर्मामीटर. कोमट होतं, विसापर्यंत मोजलं.

आता भांडण. डिझेल इंजिन फुकटात पाणी तापवायचं, त्याचं गरम पाणी टाकीतल्या कॉइलमधून फिरायचं आणि तासाभराने अंघोळीला कढत पाणी तयार. ते गेलं. ४० लिटर पाणी १० वरून ५० डिग्रीला न्यायचं तर १.८६ युनिट, म्हणजे जवळजवळ तासभराचा प्रवास. बायकोने हिशोब ऐकला आणि म्हणाली, "मग तू चालत ये, मी अंघोळ करते." सध्या गॅसवर पातेलं आणि बादली-तांब्या. आजोळी असेच दिवस काढलेत असं मी एकदा बोलून बघितलं, परत बोलणार नाही. छतावर २५० वॉटची तीन जुनी पॅनेलं लावलीत (४० ला एक), जूनमध्ये बऱ्या दिवशी ३ युनिटपर्यंत देतात, तेव्हा दुपारी उरलेली वीज पाण्यात घालायचा विचार आहे. हिवाळ्यात पॅनेलांकडून काही मागू नये. अल्टरनेटरही गेला, त्याच्या जागी ४८ चे १२ करणारा कन्व्हर्टर ६० पौंडांत, तो बिनतक्रार चालू आहे.

खर्च आत्तापर्यंत ३०५०, त्यातून इंजिनाचे ७०० वजा, म्हणजे २३५०. बाहेर काढलेल्या फरशा कुणाला हव्या असतील तर घेऊन जा, पैसे नकोत, चहा पाजीन. इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवलाय, चार वर्षांचं बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट पुढच्या वर्षी संपतंय, तेव्हा तपासनीस बॅटरीचं खोकं बघून काय म्हणतो ते लिहीनच.

राहिलेल्या १५० पौंडांत १७ नंबरचा सेल बदलायचाय. नवा एक सेल परवडत नाही आणि जुना घेतला तर तो बाकीच्यांशी जुळला पाहिजे. सरळ तो एक काढून २३ सेलवर चालवावं का? मोटरला दोन व्होल्टचा फरक कळणारही नाही, पण चार्जरची सेटिंग बदलावी लागेल आणि त्याचं झाकण सीलबंद आहे. कुणी असं केलं असेल तर सांगा, मी येत्या शनिवारपर्यंत झाकणाला हात लावत नाही.