फोरहँड सरळ जायला किती दिवस लागले?

अल्टिमेट म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क एकमेकांकडे फेकत खेळायचा सांघिक खेळ, आणि फोरहँड म्हणजे फेकत्या हाताच्याच बाजूने टाकलेली फेक. मैदानावर नवीन आलेलं कुणी ना कुणी महिन्याभरात हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: सरळ जायला दोन सीझन लागले, वाऱ्यात सरळ जायला पाच. हे ऐकून चेहरे पडतात, म्हणून पुढचंही सांगायला हवं.

बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून पलीकडे नेऊन टाकलेली फेक, बहुतेकांना लवकर जमतो. फोरहँडची पकडच हाताला अनोळखी असते: अंगठा वर, दोन बोटं आत, मधलं बोट कडेला टेकलेलं. अल्टिमेटची डिस्क 175 ग्रॅमची. ती लांब पोचवायची तर जोर लावायलाच हवा, असं मला पहिला सीझनभर वाटत होतं. मी खांद्यातून फेकायचे. डिस्क डगमगत निघायची आणि थोडं अंतर जाऊन डावीकडे उलटून जमिनीत घुसायची. मग मी आणखी जोर लावायचे, ती आणखी डगमगायची.

एका संध्याकाळी आमच्या टीममधल्या जुन्या हँडलर (डिस्क सांभाळून पुढे पास देणाऱ्या) ताईंनी माझं कोपर कमरेशी दाबून धरलं आणि म्हणाल्या, "आता फेक." खांदा गेला, दंड गेला, उरलं फक्त मनगट. धुतलेला कपडा दोरीवर टाकण्याआधी आपण झटकतो ना, तसा झटका दिला. डिस्क जेमतेम पाच मीटर गेली, पण अजिबात न हलता. डिस्कला तोलून धरते ती फिरकी, हे मला तेव्हा हाताने कळलं. भोवरा जोरात फिरतोय तोवर ताठ उभा असतो, मंदावला की झोकांड्या खातो, इथेही तेच.

त्यानंतर वर्षभर मी एका मैत्रिणीबरोबर खेळाआधी पंधरा मिनिटं फक्त फोरहँड टाकले. अंतर दहा मीटर, त्याहून जास्त नाही. दोनच गोष्टी बघायच्या: सोडताना डिस्कची बाहेरची कड किंचित खाली आहे का, आणि फेक संपल्यावर तळहात आकाशाकडे आहे का. तळहात जमिनीकडे वळला, की डिस्क उलटलीच समजा. अंतर आपोआप वाढत गेलं. माझ्या मते सुरुवातीला लांब फेकण्याची घाई हीच सगळ्यात मोठी अडचण आहे.

सरावात जमलेला फोरहँड सामन्यात मात्र बिघडला. समोर हात पसरून मार्कर (फेक अडवणारा प्रतिस्पर्धी) उभा, तोच मोठ्याने आकडे मोजतोय, दहा म्हणायच्या आत डिस्क हातातून सुटायला हवी. (या खेळात पंच नसतो, मोजणारा प्रतिस्पर्धीच असतो, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. मला हा खेळ आवडतो त्याचं हे मोठं कारण.) सरावात मी दोन्ही पाय जुळवून निवांत उभी असायचे, इथे एक पाय जागेवर रोवून दुसऱ्याने लांब बाजूला जायचं, गुडघा वाकवायचा आणि त्याच्या हाताखालून डिस्क काढायची. तिसरा सीझन यातच गेला.

राहिला वारा. समोरून वारा असला की डिस्क वर उचलली जाते, पाठीमागून असला की खाली बसते. त्यामुळे समोरच्या वाऱ्यात मी खालून, गुडघ्याच्या उंचीवरून सोडते, आणि फिरकी नेहमीपेक्षा जास्त देते. वारा सुटला की लोक सराव गुंडाळतात. आम्ही दोघी मुद्दाम त्याच दिवशी थांबायचो. पावसाळ्यात ओली कड बोटातून निसटते, तेव्हा दोन्ही बोटं जुळवून आतल्या कडेवर घट्ट दाबायची, आणि टीशर्टचा एक कोपरा डिस्क पुसायला कोरडा ठेवायचा.

उद्या याल तेव्हा मधल्या बोटाचं नख कापून या, नाहीतर कडेला अडकतं. मी साडेपाचला येते. दहा मीटरवर उभे राहू.