दोन तपासण्यांमधले सहा तास

परळहून हृदय निघालं की ग्रीन कॉरिडॉरची बातमी होते. पण ते हृदय धडधाकट मिळणार की नाही, हे त्याच्या कितीतरी आधी आयसीयूत ठरलेलं असतं.

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा, मुंबईची विभागीय समन्वय समिती २०००ची. पुढे दिल्लीत नोटो ही अवयवदानाची राष्ट्रीय संस्था आली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्रादेशिक केंद्र आलं. यंत्रणा उभी आहे. अडतं ते पेशंटच्या खाटेपाशी.

मेंदूमृत्यू, म्हणजे हृदय चालू असताना मेंदू कायमचा थांबणं, चार डॉक्टर मिळून जाहीर करतात. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधलं त्यात कुणीही चालत नाही. तपासण्या दोन, मध्ये किमान सहा तास. त्याआधी झोपेच्या औषधांचा अंमल पूर्ण उतरलेला हवा, शरीर गार पडलेलं नको. अ‍ॅप्निया टेस्टला, म्हणजे पेशंट स्वतःहून श्वास घेतो का हे पाहण्याच्या तपासणीला, शंभर टक्के ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर सोडवतात, श्वासनलिकेतून ऑक्सिजन चालूच ठेवतात आणि छाती हलते का ते पाहतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊनही श्वास आला नाही, तरच टेस्ट ग्राह्य. मध्येच बीपी कोसळलं तर थांबवावीच लागते.

खरी परीक्षा त्या सहा तासांची. मेंदूचा ताबा सुटला की लघवी अक्षरशः वाहू लागते, तासाला ३०० मिलिलिटरच्याही वर. रक्तातलं सोडियम १५५च्या पुढे गेलं तर यकृताला धोका. अशा वेळी लघवी आवरणारं व्हॅसोप्रेसिन, बीपी सांभाळणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, गरम ब्लँकेट आणि दर तासाचा हिशेब लागतो. नेहमीची चूक म्हणजे मेंदूची सूज उतरवायला लावलेलं मॅनिटॉल कुणी बंदच करत नाही, आणि आधीच कोरडं पडलेलं शरीर आणखी कोरडं पडतं. ‘आता काय उरलंय’ म्हणून लक्ष कमी होतं, आणि ह्याच वेळी ते सर्वात जास्त हवं असतं.

नातेवाइकांना मृत्यू समजावून सांगणं आणि दानाबद्दल विचारणं एका दमात उरकू नये. दुसरं काम प्रत्यारोपण समन्वयकाचं. अपघाताची केस असेल तर पोलीस ठाण्याला पहिल्या तपासणीनंतरच कळवावं. होकार येईपर्यंत थांबलं की पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या कागदांत रात्र जाते.

हृदयाला बाहेर जेमतेम चार तास मिळतात, यकृताला बाराच्या आसपास, मूत्रपिंडाला चोवीस. म्हणून धावपळ हृदयाची. अवयव एकात एक तीन निर्जंतुक पिशव्यांत जातो आणि बर्फ फक्त बाहेरच्या पिशवीभोवती असतो. थेट बर्फ लागला तर पेशी गोठून फुटतात.