प्रीअम्पचं खूळ

"भाऊ, गिटार मस्त वाजली, पन आवाज लहान वाटते. प्रीअम्प बदलून पाय ना." आमचं रेकॉर्डिंग ऐकून बाल्या बोलून मोकळा झाला, मला मात्र ते संध्याकाळपासून टोचतंय. पुण्याला गेल्यापासून त्याला सगळंच लहान वाटतं. असो.

प्रीअम्प म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग; किती मोठा करतो तो गेन. हिशेब मांडला. एसएम57 माइक 94 डीबी (डेसिबल) आवाजाला दीड-दोन मिलिव्होल्ट देतो. कॅबच्या, म्हणजे गिटारच्या स्पीकरपेटीच्या, जाळीजवळ सहज 114 डीबी असतात, म्हणजे दहापट, पंधरा-वीस मिलिव्होल्ट. त्याला 30-35 डीबी गेन पुरतो, माइक लॅपटॉपला जोडणारा साधा इंटरफेसही तेवढा देतो. गेन कमी पडतो तो कमी सिग्नल देणाऱ्या रिबन माइकला, नाहीतर हळू गाणाऱ्याला. स्नेअर ड्रमवर जास्त सिग्नल देणारा कंडेन्सर माइक लावला तर उलटंच होतं: सगळ्यात कमी गेनलाही लाल दिवा. तिथे माइकवरचाच 10 डीबीचा पॅड, म्हणजे सिग्नल उतरवणारा स्विच, लावायचा. प्रीअम्पवरचा लावून माइकच्या आत फाटलेलं सावरत नाही.

तरी टोचतंच. कारण नीव्ह कंपनीचा 1073 हा प्रीअम्प म्हणजे नुसता गेन नाही. नीव्हच्या त्या 1970च्या डिझाइनमध्ये इनपुटला ट्रान्सफॉर्मर, आउटपुटलाही ट्रान्सफॉर्मर. गेन चढवून आउटपुट उतरवला की बास जाड होतो, स्नेअरची टोकं गोल होतात. आमचा इंटरफेस चढवला की फाटतो, संपलं. म्हणून पीक -10 डीबीएफएसच्या खालीच ठेवायचे (0 म्हणजे डिजिटलची कमाल मर्यादा). हा फरक खरा आहे. आपल्याच वाट्याला का नाही, असं वाटतं. एका चॅनेलची किंमत बाबांना सांगितली तर ते आधी कापसाचा भाव विचारतील, मग माझ्याकडे पाहतील.

पण एका एसएम57वर हा फरक किती ऐकू येतो? तोच माइक स्पीकरच्या मधल्या टोपीवरून कडेकडे दोन बोटं सरकवला तर तीक्ष्णपणा उतरतो, अंग येतं. प्रीअम्प बदलून एवढं होत नाही. फुकटात होतं, म्हणून कोणाला पटत नाही. माइक सरकवून घेतलेली फाइल बाल्याला 'नवीन प्रीअम्प' नावानं पाठवावी, असा एक नतद्रष्ट विचार आहे.

आणि विजेच्या लाईनचं काय? पंप सुरू झाले की 180 व्होल्ट. गिटारचा व्हॉल्व्ह अम्प तिथेच मऊ पडतो, त्याला कोणता प्रीअम्प उभा करणार? वरून 50 हर्ट्झची घुरघुर. लॅपटॉप बॅटरीवर घेतला आणि ती गेली, तर दोष चार्जरच्या वाटेचा. नाही गेली, तर अर्थिंग पाहायचं. प्लगची अर्थची पिन मात्र कापायची नाही, माइकवर ओठ टेकवणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या दांड्यापासून सुटते आणि अर्थ नावालाच उरतो. आधी खड्ड्यात पाणी, मग दांड्याचा क्लॅम्प घासून घट्ट.