लॅपटॉपची वायर सुटली एकदाची

आज आर्डुइनो उनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या सर्किट बोर्डाला लॅपटॉपच्या यूएसबीपासून वेगळं करायचं ठरवलं. तासाभराचं काम म्हणून बसलो, अख्खा रविवार गेला.

कपाटात पडलेला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर बोर्डाच्या गोल सॉकेटमध्ये खुपसला. दिवा लागला, मी खूश. थोड्या वेळाने बोर्डावरच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज ५ वर आणणाऱ्या चिपला) बोट लागलं आणि हात झटकन मागे! हिशेब साधा होता, आधीच करायला हवा होता. १२ चे ५ व्होल्ट करताना मधले ७ व्होल्ट तो बिचारा नुसते उष्णतेत घालवतो. २०० मिलिअँपिअर ओढले तरी १.४ वॉट, तेही नखाएवढ्या चिपवर. ७ ते १२ व्होल्ट चालतात हे खरं, पण १२ वर भार किती टाकायचा हे आपणच बघायचं.

मग सर्व्हो मोटरला (बोर्डाच्या सिग्नलनुसार हव्या त्या कोनात फिरणारी मोटर) ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय दिला. तर ती थंडी वाजल्यासारखी थरथरायला लागली. कोड तीनदा वाचला, लायब्ररी बदलली, मोटरला शिव्याही घालून झाल्या. शेवटी दिसलं, बोर्ड आणि मोटरचा सप्लाय, दोन्हींचे ग्राउंड (शून्य व्होल्टची बाजू) एकमेकांना जोडलेलेच नाहीत! सिग्नलला परतीची वाटच नाही, तर मोटर ऐकणार कशी? एक काळी वायर लावली. बस्स.

आता बोर्डालाही तोच सप्लाय ५ व्होल्टच्या पिनवर दिलाय. तिथे रेग्युलेटर आड येत नाही, चुकीचे व्होल्ट थेट बोर्डात जातील, म्हणून मल्टिमीटरने दोनदा मोजून मगच जोडला.

लॅपटॉप बंद आहे आणि टेबलावर मोटर एकटीच मान डोलावतेय. घरच्यांना यात एवढं काय, ते अजून कळलेलं नाही.