दलालांची मुखपृष्ठं संग्रहालयाला देताना

चित्रकार दीनानाथ दलालांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवायचं तर नुसती मूळ चित्रं लावून भागत नाही. मराठी घरांनी दलाल पाहिले ते छापलेले, मुखपृष्ठांवर. म्हणून एका संग्रहालयाने आमच्याकडे जुने अंक प्रदर्शनापुरते मागितले. आजोबांचं वाचनालय बंद पडल्यावर दिवाळी अंकांच्या चळती माळ्यावर गेल्या होत्या. दलालांनी १९४५ साली सुरू केलेला ‘दीपावली’ त्यात भरपूर, शिवाय त्यांचंच मुखपृष्ठ असलेली ‘मृत्युंजय’ची एक जुनी प्रत.

पहिली अडचण करारपत्रात आली. ‘विम्यासाठी किंमत’ हा रकाना काय लिहून भरायचा? अंकावर तेव्हाची छापील किंमत, रद्दीवाल्याच्या लेखी किलोचा भाव आणि हौशी संग्राहक मागेल ते देणार. शेवटी जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून तशाच अंकांचे चालू भाव लिहून घेतले, ते जोडले आणि काम झालं.

मग कंडिशन रिपोर्ट, म्हणजे प्रत्येक अंकाच्या अवस्थेची नोंद. हा भाग मला सगळ्यात आवडला. टेबलावर आडवा दिवा, हातात भिंग, आणि संग्रहालयाची तरुण संवर्धक प्रत्येक मुखपृष्ठाच्या फोटोवर पेन्सिलीने खुणा करत होती : वाचनालयाचा जांभळा शिक्का नायिकेच्या थेट खांद्यावर, गंजलेल्या पिनेभोवती तपकिरी डाग, कसरीने खाल्लेला कोपरा. एका अंकाच्या कडा बाइंडरने सफाईदार कापल्या होत्या, त्यात सहीतलं शेवटचं अक्षर गेलं आणि उरलं फक्त ‘दला’. वाचनालयाच्या बाइंडरांना मुखपृष्ठाची पर्वा नसायची. कित्येक जण ते फाडूनच टाकत. आमच्याकडची वाचली हेच नवल.

खरा वाद पुढे झाला. मुखपृष्ठं सुटी करून फ्रेममध्ये लावू, भिंतीवर छान दिसतील, असं संग्रहालयाचं म्हणणं. मी नाही म्हटलं. मडगावचा हा माणूस १९१६ ते १९७१ एवढंच आयुष्य जगला, आणि त्यात त्याने आतल्या कथांसाठी रेखाटनं केली, अंकाची मांडणीही पाहिली. मुखपृष्ठ तेवढं कापून टांगलं की संपादक-मांडणीकार दलाल गायब होतात, उरते सुंदर बाई. (ती सुंदर आहेच, प्रश्न तो नाही.)

तोडगा असा निघाला : अंक अखंड, काचेच्या पेटीत, पाठीला ताण येऊ नये म्हणून खाली उतरता आधार, उजेड पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत. आतली पानं शेजारच्या पडद्यावर फोटोतून. काही अंक प्रदर्शनाच्या मध्यावर बदलायचे, म्हणजे एकावरच सगळा प्रकाश नको.

परत येताना पुन्हा तोच रिपोर्ट, तीच भिंगं, दोन्हीकडच्या सह्या. नवा डाग एकही नाही. आता अंक माळ्यावर जात नाहीत. कपाटात आडवे, आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवलेत, डांबराच्या गोळ्यांशिवाय. गंजलेल्या पिना मात्र अजून काढायच्या आहेत, आणि ते काम मी घरी करणार नाही.