बाबांचा मिंट, ऱ्या आणि जूनमधली लाईट

फोंड्याला घरी जुना डेस्कटॉप आहे त्यावर आता विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकट सिस्टीम आहे, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाही, आणि बाबांना करायचं काय असतं तर जत्रेतल्या नाटकाच्या संहिता टाईप करायच्या, त्यासाठी नवीन कशाला घ्या? मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पुढचं पुढे बघू.

लिनक्स टाकलं की लोक आधी थीम, आयकॉन, मॅकसारखा डॉक यात रमतात. रमा की, मजा येते. मी मात्र पॅनल (विंडोजच्या टास्कबारसारखी पट्टी) खालीच ठेवला, अक्षरं मोठी केली, नको ते आयकॉन काढले, बास. हे सगळं होममधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात एक्सएफसीई४ नावाने पडलेलं असतं, त्याची कॉपी पेनड्राईव्हवर ठेवा, कारण चवथीला भाचे येतात आणि पॅनल गायब होतो. फक्त परत टाकताना लॉगआउट करून टाका, नाहीतर चालू सेशन त्यावर स्वतःचंच परत लिहू शकतं.

खरा वेळ खाल्ला कीबोर्डाने. सेटिंगमध्ये भारतीय लेआउटांत मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाणित लेआउट) मिळतो, उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबायचा फोनेटिकही आहे, पण बाबा पक्के इनस्क्रिप्टवाले. त्यांचा एकच प्रश्न, 'दुसऱ्या' नीट येतो का? साधा र घेऊन हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य दिला की 'दुसर्या' होतो, डोक्यावर रफार, आणि बाबांच्या कपाळावर आठी. शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबायची म्हणजे नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ येतो, मग D ची कळ म्हणजे हलन्त, मग य. आला ऱ्या! त्यानंतर त्यांनी विंडोजचं नावही काढलं नाही.

बाकी देखभाल म्हणजे कंटाळवाणं काम, पण तेच महत्त्वाचं. अपडेट मॅनेजरमध्ये जुने कर्नल (सिस्टीमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) आपोआप काढायचा पर्याय चालू केलाय. टाईमशिफ्टचे स्नॅपशॉटही (बिघडलं तर सिस्टीम मागच्या स्थितीला नेता येते) लावलेत, पण लोकांचा इथेच गैरसमज होतो, टाईमशिफ्ट सिस्टीम सांभाळतं, तुमच्या फाईली नाही, तुमच्या फाईलींचा होम फोल्डर ते सांगितल्याशिवाय धरतच नाही. म्हणून संहितांची कॉपी वेगळ्या डिस्कवर, दर रविवारी, बाबा स्वतःच करतात (माझ्यावर विश्वास नाही).

आणि जून आला की लाईट. दुपारी दोन ढग आले की गेलीच. डिस्कवरच्या ईएक्सटी४ या फाईल सिस्टीमला जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं त्यामुळे ती बहुतेक वेळा सावरते, पण सेव्ह न केलेला प्रवेश कोण सावरणार? लिबरऑफिसमधली (बाबा त्यातच टाईप करतात) ऑटोरिकव्हरी, म्हणजे आपोआप जपून ठेवायची वेळ, दहा मिनिटांवरून दोनवर आणली. दहा मिनिटांत बाबा खलनायकाचं अख्खं स्वगत लिहून मोकळे होतात. यूपीएस आहे, पण बॅटरी फुगलीय, या पावसाआधी बदलायलाच हवी, मडगावला कुणी जाणार असेल तर सांगा.